रेंज संपते तिथून पुढे : दुर्गम रानातल्या शिकारीसाठी उपग्रह संदेशयंत्र कसे निवडावे

नोव्हेंबर २०२२ मध्ये अ‍ॅपलने आयफोन १४ वरून उपग्रहामार्फत मदत मागण्याची सोय अमेरिका आणि कॅनडात सुरू केली. सप्टेंबर २०२४ मध्ये आयफोनवरून घरच्यांना साधे संदेशही उपग्रहामार्गे जाऊ लागले आणि जुलै २०२५ मध्ये टी-मोबाइल या फोन कंपनीने स्टारलिंकच्या उपग्रहांवरून सर्वसाधारण फोनला संदेशसेवा देण्यास अमेरिकेत सुरुवात केली. रीतसर परवाना काढून अलास्का, कॅनडातला युकॉन किंवा रॉकी पर्वतरांगांच्या आतल्या भागात दहा-बारा दिवस शिकारीला जाणाऱ्या मंडळींना या बातम्यांमुळे एक प्रश्न साहजिकच पडला आहे : खिशातला फोनच आता आकाशाशी बोलू लागला असेल, तर वर्गणी भरून वेगळे यंत्र कशासाठी बाळगायचे?

या प्रश्नाचे उत्तर यंत्रांच्या जाहिरातींची तुलना करून मिळत नाही, कारण जवळपास प्रत्येक जाहिरातीत ‘जगात कुठेही’ असे शब्द असतात. आपण नेमके कुठे उभे राहणार आहोत, तिथून आकाशाचा किती तुकडा दिसणार आहे आणि आपला संदेश दुसऱ्या टोकाला कोणाच्या हातात पडणार आहे, या तीन गोष्टी आधी ठरल्या की यंत्राची निवड बरीचशी आपोआप होते. त्यासाठी डोक्यावरून फिरणाऱ्या उपग्रहांची थोडी ओळख करून घेणे भाग आहे.

उपग्रह म्हणजे एकच एक गोष्ट नव्हे

मोबाइलचा टॉवर टेकडीवर असतो तसा उपग्रह हा फार उंचावरचा टॉवर आहे, असे म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही. मात्र हे टॉवर तीन वेगवेगळ्या रीतींनी काम करतात आणि शिकाऱ्याला पडणारा सगळा फरक त्या रीतींमध्ये आहे.

पहिली रीत भूस्थिर उपग्रहांची. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असलेला उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो, त्यामुळे जमिनीवरून पाहणाऱ्याला तो आकाशात एकाच जागी खिळल्यासारखा असतो. इन्मारसॅट आणि थुराया या कंपन्यांचे सॅटेलाइट फोन असे उपग्रह वापरतात. एकदा अँटेना त्या दिशेला नीट धरला की संपर्क टिकून राहतो, ही त्याची मोठी सोय आहे. अडचण अशी की आपण जसजसे उत्तरेकडे जाऊ तसतसा हा उपग्रह क्षितिजाकडे झुकत जातो. ६० अंश उत्तर अक्षांशावर तो जास्तीत जास्त २२ अंश वर दिसतो आणि ६५ अंशांवर जेमतेम १७ अंश. म्हणजे दक्षिणेला एखादा बऱ्यापैकी उंच डोंगर असला की उपग्रह त्याच्या आड गेलाच. तो तिथून हलणार नसल्यामुळे कितीही वाट पाहिली तरी उपयोग नाही. शिवाय थुरायाची सेवा अमेरिका खंडांत मुळात नाहीच.

दुसरी रीत इरिडियम या कंपनीची. सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून ६६ उपग्रह जवळजवळ दोन्ही ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षांमध्ये पृथ्वीला साधारण शंभर मिनिटांत एक फेरी मारतात. बांधकामावर मजुरांची रांग घमेली हातोहात पुढे देते, तसा एक उपग्रह आलेला संदेश शेजारच्या उपग्रहाकडे देतो आणि तो पुढे सरकत सरकत जमिनीवरच्या केंद्रापर्यंत पोहोचतो. त्यामुळे शिकारी जिथे आहे तिथून ते केंद्र हजारो किलोमीटर दूर असले तरी बिघडत नाही. सर्व कक्षा ध्रुवांपाशी एकत्र येत असल्याने उत्तरेकडे जाताना या उपग्रहांची दाटी उलट वाढत जाते. विषुववृत्तापेक्षा अलास्कात इरिडियम अधिक चांगले चालते ते यामुळेच.

तिसरी रीत ग्लोबलस्टार या कंपनीची. हे उपग्रह सुमारे १,४१४ किलोमीटर उंचीवरून फिरतात, पण त्यांचे काम आरशासारखे आहे. खालून आलेला संदेश ते तसाच खाली परावर्तित करतात आणि त्या क्षणी त्याच उपग्रहाला जमिनीवरचे एखादे केंद्रही दिसत असेल तरच तो संदेश पोहोचतो. यांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५२ अंशांचा कोन करतात, त्यामुळे फार उत्तरेला हे उपग्रह आकाशात खालून खालूनच जातात. आयफोनची उपग्रहसेवा याच जाळ्यावर चालते आणि ६२ अंशांच्या पलीकडे, म्हणजे अलास्का व कॅनडाच्या उत्तर भागांत, ती चालेलच असे नाही, हे अ‍ॅपलने स्वतःच सांगून ठेवले आहे. अलास्कातले फेअरबँक्स शहर जवळजवळ ६५ अंशांवर आहे, आणि कॅरिबूच्या, म्हणजे तिकडच्या रेनडिअर हरणांच्या, शिकारीसाठी लोक ज्या ब्रूक्स पर्वतरांगेत जातात ती तर ६८ अंशांच्या आसपास. ‘फोन आहे ना’ म्हणून निघणाऱ्याने नकाशावर आधी हा आकडा तपासलेला बरा.

शिकाऱ्याच्या वाट्याला येणारे आकाश

या यंत्रांची बहुतेक परीक्षणे पायवाटांवरून चालणारे भटके लिहितात. ती प्रामाणिक असतात, पण शिकाऱ्याने ती जरा बेताने वाचावीत, कारण दोघांची जागा वेगळी असते. भटका दिवसभरात कधी ना कधी खिंडीत किंवा धारेवर येतोच, आणि त्याच्या वाटेवरून दुसऱ्या दिवशी आणखी कोणी जाणारही असते. शिकारी मात्र ठरवून वाट सोडतो. जनावर असते ओढ्याकाठच्या दाट झुडपात, उत्तर उतारावरच्या गर्द स्प्रूस वृक्षांमध्ये किंवा दोन सोंडांमधल्या अरुंद घळीत. म्हणून शिकारीही तिथेच असतो, आणि पडझड होते तीही तिथेच.

विहिरीच्या तळाशी उभे राहून वर पाहिले तर आकाशाची एक चकती दिसते. घळीच्या तळाशी उभ्या असलेल्या माणसाचे यंत्र तसेच ‘पाहत’ असते. इरिडियमचा एखादा उपग्रह मोकळ्या मैदानावरून फार तर नऊ-दहा मिनिटे दिसतो. घळीतून दिसणाऱ्या पट्टीतून तो मिनिटा-दोन मिनिटांत निघून जातो आणि मग पुढच्याची वाट पाहावी लागते. प्रत्यक्षात हे असे घडते : माणूस संदेश लिहून ‘पाठवा’ हे बटण दाबतो आणि पडद्यावर ‘पाठवत आहे’ अशी खूण येते. एक मिनिट जाते, चार जातात. तो यंत्र हलवून पाहतो, मग डोक्यावर धरतो, मग वैतागून खिशात टाकतो, आणि नेमका त्याच वेळी वरून उपग्रह निघून जातो. यंत्र एखाद्या उघड्या दगडावर, अँटेना आकाशाकडे करून, वीस मिनिटे नुसते ठेवून दिले असते तर संदेश बहुधा गेला असता. या यंत्रांच्या ‘नापास’ होण्याच्या ज्या कहाण्या ऐकू येतात, त्यांतल्या बऱ्याच कहाण्या यंत्राला पुरेसा वेळ आणि पुरेसे आकाश न दिल्याच्या असतात, असे माझे मत आहे.

पानांचाही विचार करायला हवा. इरिडियम आणि ग्लोबलस्टार यांच्या यंत्रांच्या लहरी सुमारे १८ सेंटिमीटर लांबीच्या असतात आणि ओली पाने, ओले खोड, माणसाचे पाण्याने भरलेले शरीर या सगळ्यांत त्या बऱ्यापैकी शोषल्या जातात. म्हणूनच पावसानंतरच्या जंगलात कालपर्यंत सुरळीत चालणारे यंत्र एकाएकी मंदावते. ते बिघडलेले नसते. पन्नास पावलांवरची मोकळी जागा शोधणे हा त्यावरचा उपाय आहे.

चार प्रकारची साधने

बाजारात नावे पुष्कळ असली तरी साधने मुळात चार प्रकारची आहेत.

सर्वांत जुना आणि सर्वांत साधा प्रकार म्हणजे वैयक्तिक बीकन, ज्याला शिकारी आणि खलाशी ‘पीएलबी’ म्हणतात. बीकन म्हणजे फक्त ‘मी संकटात आहे, मी इथे आहे’ एवढेच ओरडणारे यंत्र. ते कॉस्पस-सारसॅट नावाच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेशी बोलते. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ यांनी शीतयुद्धाच्या काळात, १९७९ मध्ये एकत्र येऊन ती उभारली, ही गोष्ट आजही जरा नवलाची वाटते. तिच्यामुळे पहिली सुटका झाली ती सप्टेंबर १९८२ मध्ये, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कोसळलेल्या एका लहान विमानातल्या तिघांची. पीएलबी ४०६ मेगाहर्ट्झवर ५ वॅटच्या जोरावर संदेश सोडते. या लहरी सुमारे ७४ सेंटिमीटर लांबीच्या असल्याने झाडीतून त्या तुलनेने बऱ्या जातात. याशिवाय १२१.५ मेगाहर्ट्झवर ते एक बारीक खूण सोडत राहते, जिचा माग काढत शोधपथक शेवटचे काही शे मीटर पार करते. मासिक वर्गणी नसते, बॅटरी काही वर्षे तशीच पडून राहू शकते आणि एकदा चालू केल्यावर बहुतेक पीएलबी उणे २० अंश सेल्सिअसलाही किमान २४ तास बोलत राहतील अशा मापदंडाने बनवलेले असतात.

त्याची उणीव अशी की ते ऐकू शकत नाही. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांनी जानेवारी २०२० पासून ‘तुमची हाक पोहोचली’ एवढी पोच परत पाठवण्याची सोय केली आहे आणि काही नव्या बीकनांमध्ये ती असते, पण संभाषण मात्र होत नाही. पाय मोडला आहे की छातीत दुखते आहे, दोर हवा की डॉक्टर हवा, हे बचाव करणाऱ्यांना तिथे पोहोचल्यावरच कळते.

दुसरा प्रकार दुतर्फा संदेशयंत्रांचा. २०११ मध्ये डीलॉर्म या कंपनीने इनरीच आणले, २०१६ मध्ये गार्मिनने ती कंपनी विकत घेतली आणि आज शिकाऱ्यांच्या खांद्यावर सर्वाधिक दिसणारे यंत्र तेच आहे. झोलिओ हे त्याच इरिडियम जाळ्यावरचे आणखी एक यंत्र, तर स्पॉट एक्स ग्लोबलस्टारवर चालते. ही यंत्रे तळहातात मावतात. त्यांच्यावरून छोटे संदेश जातात आणि येतात, हवामानाचा अंदाज मागवता येतो, ठराविक अंतराने आपली जागा घरच्यांना नकाशावर दिसत राहते आणि संकटाचे बटणही असते. बहुतेकांना छोटा पडदा असतो किंवा अजिबात नसतो; त्यामुळे लिहायचे काम ब्लूटूथने जोडलेल्या फोनवर करावे लागते. थंडीत फोन मेला तर यंत्रावरून अक्षर अक्षर निवडत लिहिता येते का, की फक्त आधी साठवलेले दोन-तीन संदेशच जातात, हे विकत घेण्यापूर्वी हातात घेऊन पाहावे. दुकानात किरकोळ वाटणारा हा फरक बोटे बधिर झाल्यावर फार मोठा होतो.

तिसरा प्रकार सॅटेलाइट फोनचा आणि चौथा उपग्रहाची सोय असलेल्या साध्या फोनचा. या दोघांबद्दलच सर्वाधिक शंका असतात, म्हणून ते स्वतंत्रपणे पाहू.

‘माझ्या फोनमध्येच सोय आहे, मग वेगळे काय घ्यायचे?’

ही शंका रास्त आहे, आणि काहींच्या बाबतीत तिचे उत्तर ‘काहीच नको’ असेच आहे. रस्त्यापासून अर्ध्या दिवसावर, ६२ अंशांच्या बऱ्याच खाली, सोबतीला माणूस असताना दोन दिवसांची फेरी असेल, तर नव्या फोनची उपग्रहसोय पुरेशी ठरू शकते. दहा वर्षांपूर्वी अशा फेरीला लोक काहीही न घेता जात असत, हे विसरून चालणार नाही.

दिवस वाढले आणि अंतर वाढले की चित्र पालटते. शिकारीच्या फेरीत फोनला आधीच चार कामे असतात : नकाशा पाहणे, अंधारात वाट दाखवणे, छायाचित्रे काढणे आणि हद्दीच्या व ऋतूच्या नियमांची पुस्तिका उघडणे. सर्वांत आधी संपणारी वस्तू तीच असते. फोन उपग्रहाशी जोडताना तो योग्य दिशेला धरून उभे राहावे लागते आणि पडदा सांगेल तसे वळावे लागते. मांडीचे हाड मोडून उताणा पडलेल्या माणसाकडून ही अपेक्षा करणे कठीण आहे. काच फुटू शकते आणि ओल्या हातमोज्याला पडदा दाद देत नाही. दूरसंचार कंपन्यांच्या उपग्रहसेवेचे नकाशेही बारकाईने वाचावे लागतात, कारण एखाद्या देशात सेवा आहे म्हणजे त्या देशाच्या प्रत्येक कोपऱ्यात ती आहे असे नसते.

माझ्या मते फोनची उपग्रहसोय ही दुसरी किल्ली आहे. घराची दुसरी किल्ली असणे चांगलेच असते, पण पहिली किल्ली हरवेल असे गृहीत धरून कोणी घराबाहेर पडत नाही.

‘मग सरळ सॅटेलाइट फोनच का नको?’

दोन मिनिटांच्या बोलण्यात जे ठरते ते वीस संदेशांत ठरत नाही, हे खरे आहे. त्याचा प्रत्यय येतो तो मांस बाहेर काढायच्या वेळी. अलास्कात मोठ्या मूस हरणापासून सुमारे २२५ किलो मांस निघते, आणि एक माणूस पाठीवर एका खेपेत ३५-४० किलो नेतो असे धरले तर सहा-सात खेपा होतात. तिथल्या नियमांनुसार खाण्याजोगे मांस आधी बाहेर आले पाहिजे, शिंगे त्यानंतर. अशा वेळी लहान विमानाने न्यायला येणाऱ्या वैमानिकाला सांगायच्या गोष्टी अनेक असतात : वाळूचा पट्टा ओला आहे की कोरडा, पाणी किती चढले आहे, ढग डोंगराच्या कितव्या खांद्यावर टेकले आहेत, आज एक खेप मारता येईल की उद्या दोन. वैमानिक प्रतिप्रश्न विचारतो आणि उत्तराच्या सुरावरून स्वतःचा अंदाज बांधतो. ते काम १६० अक्षरांच्या संदेशात नीट होत नाही.

तरीही एकट्या शिकाऱ्याचे पहिले यंत्र म्हणून मी सॅटेलाइट फोन सुचवणार नाही. इरिडियमवरच्या फोनचे बोलणे दर काही मिनिटांनी एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे सोपवले जाते आणि घळीत ते त्या क्षणी तुटते. संदेशाला तसे नसते. तो यंत्रात थांबून राहतो आणि फट मिळताच निघून जातो. फोन आकाराने मोठा, अँटेना वर काढावा लागणारा आणि म्हणून बहुधा तंबूत राहणारा असतो. चार-पाच जणांची तुकडी असेल आणि तळ एकाच जागी राहणार असेल, तर तळावर एक फोन आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक जोडीकडे एक संदेशयंत्र ही मांडणी चांगली. स्टारलिंकची उपग्रह-इंटरनेटची छोटी तबकडी नेणारेही अलीकडे दिसतात, पण तिला सतत पंचवीस-चाळीस वॅट वीज आणि रुंद मोकळे आकाश लागते, त्यामुळे ती विमान किंवा होडी पोहोचते अशा तळापुरतीच ठीक आहे.

संकटाचे बटण दाबल्यावर काय होते?

संध्याकाळचे साडेपाच वाजले आहेत. ओढ्याच्या काठी पडलेल्या मूसवर दोघे गुडघे टेकून काम करत आहेत, सुरी चरबीने निसरडी झाली आहे, आणि सांधा सोडवताना ती घसरून एकाच्या मांडीत रुतते. संदेशयंत्र पिशवीच्या पट्ट्याला लटकवलेले आहे आणि पिशवी वीस पावलांवर स्प्रूसच्या बुंध्याला टेकलेली आहे.

या क्षणी पहिले काम यंत्राचे नाही. मांडीतली मोठी रक्तवाहिनी कापली गेली असेल तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो, आणि आकाशातून येणारी कोणतीही मदत काही मिनिटांत येत नाही. आधी दाब, मग रक्त थांबवणारा आवळपट्टा, आणि त्यानंतर बटण. हा पट्टा आणि तो बांधण्याचा सराव नसताना यंत्रावर पैसे खर्च करणे म्हणजे छप्पर नसलेल्या घराला कुलूप लावण्यासारखे आहे.

बटण दाबल्यावर दुतर्फा यंत्राचा संदेश कंपनीच्या चोवीस तास चालणाऱ्या मदतकेंद्राकडे जातो. ते केंद्र स्वतः कोणालाही उचलायला येत नाही. आपली जागा पाहून ते त्या भागातल्या सरकारी यंत्रणेला कळवते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ती काउंटीच्या शेरीफची, म्हणजे स्थानिक पोलीसप्रमुखाची, कचेरी असते आणि अलास्कात ट्रूपर, म्हणजे राज्य पोलीस, दल. पीएलबीची हाक मात्र खासगी कंपनीकडे न जाता थेट सरकारी बचाव-समन्वय केंद्राकडे पोहोचते. दोन्ही वाटा शेवटी त्याच हेलिकॉप्टरपाशी मिळतात. फरक पडतो तो मधल्या वेळात. दुतर्फा यंत्रावर लगेच प्रश्न येतात : जखमी कोण आहे, शुद्धीवर आहे का, रक्त थांबले का, सोबत किती माणसे आहेत, आसपास उतरण्यासारखी सपाट जागा आहे का. या उत्तरांवरून साधे हेलिकॉप्टर पाठवायचे की खाली दोर सोडणारे, हे ठरते. सोबत्यालाही आपली हाक कोणीतरी ऐकली आहे हे समजते, आणि अंधार पडत असताना त्याचा धीर टिकायला तेवढे फार उपयोगी पडते.

मदत लगेच येईल अशी समजूत मात्र काढून टाकावी. ढग दरीत उतरले असतील तर हेलिकॉप्टर थांबते. रात्र तिथेच काढावी लागू शकते, आणि म्हणून बटण दाबल्यानंतर लगेच विस्तव, कोरडे कपडे आणि आडोसा यांच्या मागे लागायचे असते. यंत्र मोकळ्या जागी चालूच ठेवायचे आणि ‘संदेश गेला’ म्हणून ते बंद करायचे नाही, कारण पुढचे प्रश्न त्याच्यावरच येणार असतात.

थंडी, बॅटरी आणि यंत्राची जागा

पुन्हा चार्ज होणारी लिथियम बॅटरी थंडीत आपली पूर्ण ताकद देत नाही. सकाळी ‘अर्धी शिल्लक’ दाखवणारे यंत्र उणे पंधरात तासाभरात मान टाकू शकते आणि उबेत आणल्यावर पुन्हा जिवंतही होते. रात्री ते झोपण्याच्या पिशवीत आणि दिवसा, वापर नसताना, आतल्या खिशात ठेवावे. कंपनी सांगते ते बॅटरीचे दिवस मोकळ्या आकाशाखाली मोजलेले असतात. दाट झाडीत यंत्राला एकच संदेश पुन्हा पुन्हा पाठवून पाहावा लागतो आणि ते दिवस झपाट्याने कमी होतात. दर दहा मिनिटांनी जागा कळवण्याऐवजी अर्ध्या किंवा एका तासाने कळवली तरी शोधपथकाच्या दृष्टीने फारसे बिघडत नाही. पॉवर बँक न्यावीच, पण तीही थंडीपुढे तितकीच दुबळी असते.

यंत्राची जागा शरीरावर असावी, पिशवीवर नसावी. शिकारी शेवटच्या टप्प्यात जनावराच्या जवळ सरकताना पिशवी खाली ठेवतो आणि पुढच्या चारशे मीटरमध्ये काय होईल हे कोणालाच माहीत नसते. छातीवरची दुर्बिणीची पेटी ही त्यासाठी उत्तम जागा आहे : ती अंगावरून कधी उतरत नाही आणि अँटेना आकाशाकडे राहतो. येणाऱ्या संदेशाचा आवाज मात्र बंद करून ठेवावा. पहाटेच्या शांततेत एका टिणटिणाटाने तीन दिवसांचा माग वाया जातो.

‘यामुळे शिकार सोपी होऊन जात नाही का?’

हा आक्षेप जुन्या शिकाऱ्यांकडून येतो आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. एकाने धारेवरून दुर्बीण लावून खालच्याला ‘डावीकडे वळ, दोनशे मीटरवर आहे’ असे कळवत राहिले तर त्यात जनावराला संधी उरत नाही. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लब या अमेरिकन शिकाऱ्यांच्या संस्थेने न्याय्य पाठलागाची जी संहिता घालून दिली, तिच्यात इलेक्ट्रॉनिक साधनाने शिकाऱ्याला जनावरापर्यंत नेणे बसत नाही, आणि अशा प्रकारे मिळालेली शिंगे क्लबच्या नोंदवहीत घेतली जात नाहीत. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी शिकार साधण्यासाठी असा संपर्क वापरण्यावर कायद्यानेच बंधने घातली आहेत. त्यांचा तपशील राज्यागणिक बदलतो, म्हणून ज्या राज्याचा परवाना काढला आहे त्याची त्या वर्षीची पुस्तिका वाचणे आवश्यक आहे. सुरक्षिततेसाठी, वैमानिकाला बोलावण्यासाठी किंवा घरी खुशाली कळवण्यासाठी यंत्र वापरणे ही निराळी गोष्ट आहे.

दुसरा कायदा यंत्राचाच. भारतासह काही देशांत पूर्वपरवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा अशी संदेशयंत्रे बाळगणे हा गुन्हा ठरू शकतो आणि विमानतळावरच ताब्यात घेतले जाण्याचे प्रसंग परदेशी प्रवाशांवर आलेले आहेत. शिकारीसाठी सीमा ओलांडणाऱ्याने बंदुकीच्या कागदपत्रांबरोबर याचीही चौकशी करावी.

दुसऱ्या टोकाचा माणूस

सगळे यंत्र निवडण्यात जीव ओततात आणि संदेश घेणाऱ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. खरे तर त्याची तयारी एका संध्याकाळी होते. पीएलबी असेल तर त्याची नोंदणी आधी करावी. अमेरिकेत ती ‘नोआ’ या सरकारी संस्थेकडे, विनामूल्य पण कायद्याने बंधनकारक असते आणि दर दोन वर्षांनी ताजी करावी लागते. जुने बीकन कोणाकडून विकत घेतले असेल तर नोंदणीत अजून त्याचेच नाव असू शकते आणि हाक गेल्यावर बचाव केंद्र फोन करील तो त्याच्याच घरी. दुतर्फा यंत्रात दोन आपत्कालीन क्रमांक भरायचे असतात. ते अशांचे असावेत की जे अनोळखी क्रमांकावरून रात्री तीन वाजता आलेला फोन उचलतील आणि जे स्वतः त्याच फेरीवर आलेले नाहीत. दुसरी अट विनोदी वाटते, पण भावाभावांच्या तुकडीत एकमेकांचेच क्रमांक भरले जाणे ही अगदी सहज होणारी चूक आहे.

निघण्यापूर्वी अंगणातून घरी एक साधा संदेश पाठवून पाहावा आणि घरच्याला त्याचे उत्तरही द्यायला लावावे, कारण उत्तर कुठल्या क्रमांकावर किंवा कुठल्या दुव्यावरून द्यायचे हेच पुष्कळांना प्रसंग आल्यावर उमगत नाही. संकटाच्या बटणाची चाचणी मात्र दाबून घ्यायची नसते. पीएलबीला त्यासाठी वेगळी स्व-चाचणी दिलेली असते.

आणि एक कागद घरी ठेवावा, जो संदेश न आल्यास उपयोगी पडेल. संदेश न येणे म्हणजे संकट, असे घरच्यांना वाटू दिले तर एका ओल्या दुपारीही शोधपथक निघू शकते. संदेश न येणे म्हणजे काहीच नाही, असे ठरवले तर खऱ्या अपघातात तीन दिवस वाया जातात. म्हणून त्या कागदावर असे लिहावे : रोज रात्री आठच्या सुमारास ‘ठीक आहे’ असा संदेश येईल. एक रात्र चुकली तर काही करू नये. दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत काही आले नाही आणि नकाशावरची खूणही हललेली नसेल, तर आधी वैमानिकाला फोन करावा आणि त्याला काही माहीत नसेल तर खाली दिलेल्या दुसऱ्या क्रमांकावर ट्रूपरांना. त्याखाली तळाचे अक्षांश-रेखांश, तंबूचा रंग, बरोबरच्यांची नावे, चालू असलेली औषधे आणि परतीचा दिवस. कागद फ्रिजच्या दारावर चिकटवावा आणि त्याचे एक छायाचित्र वैमानिकाकडेही असावे.